सातव्या रांगेचा चर

सातवी रांग म्हणतात त्या रस्त्याला.
न्यू ब्रन्सविकमधला, बटाट्याच्या शेतांना चिकटून जाणारा.
कडेला चर, चरात बारमाही गार पाणी,
आणि ऑगस्ट सरता सरता
त्यात पाय सोडून उभी राहतात
कासवाच्या डोक्याची पांढरी फुलं.

फूल म्हणावं, तर उमलत नाही.
वरचा ओठ खालच्यावर घट्ट.
जशी कुणी तंबी दिलीय :
हाताची घडी, तोंडावर बोट.

माशी येते, बसते, जाते.
मधमाशी दार वाजवून बघते.
उघडतं ते फक्त थोराड भुंग्याला,
जो विचारत नाही, खांदा लावून घुसतो.
मग आत त्याची खुडबुड चालेस्तोवर
फुलाचा जबडा हलत राहतो,
कवळी घरी विसरलेला म्हातारा
पाव चघळतो तसा.

ओनेझिम तेरियो एकोणतीस वर्षं
सरकारी यंत्रावर बसून हा चर कापतो.
इथे आला की पातं उचलतो,
वीस पावलांवर पुन्हा टेकवतो.
का, ते कुणाला सांगितलं नाही.
बायकोलाही नाही, ती होती तेव्हा.

आमच्याकडे म्हणतात, मूग गिळून बसलाय.
इथे मूग होत नाहीत, बटाटे होतात.
पण गिळायला काहीतरी सापडतंच माणसाला.

यंदा तक्रार गेली.
सभेत नव्या इंजिनिअर बाईंनी फोटो दाखवला :
गुळगुळीत चर, आणि मधेच
शेंडी राखल्यासारखं रान.
हे काय, तेरियो?
तो टोपीची कड बोटांत फिरवत राहिला.
खोकला.
"ओल असते तिथे. यंत्र रुततं."

साफ खोटं.
याहून ओल्यात त्यानं यंत्र घातलंय,
एकदा तर बदकांसकट डबकं पार केलंय,
आणि ते बघणारे निम्मे लोक
त्याच सभेत बसले होते.
कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी
कॉर्मियेंची नऊ वर्षांची झेली
सायकल आडवी टाकून चरात उतरली.
एका फुलाचे गाल तिनं चिमटीत दाबले.
तोंड उघडलं.
आत मऊ लव, म्हाताऱ्याच्या कानातल्यासारखी,
आणि रात्रीच्या गारठ्यानं
तिथेच झोपून गेलेला एक भुंगा.

तिनं चिमटी सोडली. ओठ मिटले.

घरी आई ओरडली,
कुठे लावलास एवढा चिखल बुटांना?

"ओल असते तिथे,"
झेली म्हणाली.
"रुततं."