चारशे बारा

त्या वर्षी डिचोलीत माझ्यासारखं दुकान नव्हतं.
रिचार्ज, झेरॉक्स, पासपोर्ट साइज फोटो,
आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सुलक्षा.

सुलक्षा आमच्या भिकू च्यारीची.
बाप देवळांचे दरवाजे कोरायचा,
पोरगी मुंबईत, स्पर्धक क्रमांक सात,
अशा चकाकत्या जमिनीवर उभी
की पायांखाली अजून एक सुलक्षा उलटी लटकलेली दिसे.

एक मत तीन रुपये.
एस यू एल, एक जागा सोडून शून्य सात.
म्हाताऱ्यांना ती जागा सोडणं जमेना.
मग फोन माझ्याकडे, पैसे माझ्याकडे,
"तूंच घाल रे पुता, पांच मतां."
मी वही घातली, निळी, दोनशे पानी.
शेवंती मासळीवाली, वीस.
पोदेर बेंतो, दहा, दर शनिवारी, पाव वाटून झाल्यावर.
खाणीचे ट्रकवाले शंभराच्या खाली बोलत नसत.
त्यांच्या नोटा लाल, माझी बोटं लाल,
वहीची कड अजून लाल आहे.

तिसऱ्या आठवड्यात परीक्षक म्हणाले,
सूर पक्का आहे बाळा, पण मराठीत कोकणी डोकावते.
ते नाकातलं तेवढं काढ.
स्टुडिओ हसला. तीही हसली.
तवेर्नातल्या टीव्हीखाली कुणी तरी ग्लास
जरा जोरात ठेवला.
आमच्याकडे आरती मराठीत, भांडण कोकणीत.
नाटकातला राजा मराठीत मरतो
आणि विंगेत येऊन कोकणीत पाणी मागतो.
यातलं नाकातलं नेमकं कुठलं?

तिनं मात्र काढलं.
सहाव्या आठवड्यात, सगळ्या देशासमोर, आईशी फोनवर बोलली,
एकेक अक्षर धुऊन वाळत घातलेलं.
आणि आई, जिनं जन्मात "व्हय" सोडून काही म्हटलं नव्हतं,
"हो, हो" म्हणत राहिली,
दारात बँकेचा माणूस आल्यासारखी.

शेवटून दुसरी फेरी. मतं रात्री बारापर्यंत.
साडेदहाला सांखळी रस्त्यावर एका ट्रकनं खांब उडवला.
दिवे गेले, थोड्या वेळानं टॉवरही.
अजून लोक त्या ड्रायव्हरला शिव्या घालतात.
त्याच्या बोनेटवर तिचाच फोटो होता.

पण टॉवर अकरा वीसला परत आला.
हे मला दुसऱ्या दिवशी मेसेजांच्या वेळा बघून कळलं.
अकरा वीसला मी तवेर्नात होतो,
मेणबत्ती, फेणी, आणि भोवती सगळे म्हणत होते
आतां कितें करतलो?
फोन दुकानात, कुलपात, अकरा फोन, एका ओळीत.

चारशे बारा मतं उरली.
ती गेली. किती मतांनी, ते सांगत नाहीत.
चार असतील, चार लाख असतील.
मी चौदा वर्षं या दोन आकड्यांवर झोपतोय,
कधी या कुशीवर, कधी त्या.
बाराशे छत्तीस रुपये होतात.
परत द्यायचे तर सांगावं लागेल.
शेवंती गेली. बेंतोचा मुलगा लंडनला.
खाणी बंद पडल्या, ट्रकांतून गवत उगवलं,
त्यांच्या मालकांना आता शंभराचीही लाज वाटत नाही.

सुलक्षा शाळेत संगीत शिकवते.
बुधवारी बाजाराला आली की माझ्याकडे येते,
प्रश्नपत्रिका, प्रार्थनेचे कागद.
"मशीन आजून खडखडटा मरे तुजें!"
नाक परत आलंय.
की आमच्यापुरतंच घालून येते, माहीत नाही.
एकदा मी विचारणार होतो. वही ड्रॉवरमध्येच असते.

आज तीन पानं होती.
मी म्हटलं, राहू दे गो.
ती म्हणाली, कित्याक?
मला कित्याक ते सांगता आलं नाही.
तिनं तीन रुपये काचेवर ठेवले, छत्री उचलली,
पुढचा माणूस आधार कार्ड घेऊन उभा होता,
दोन्ही बाजू, म्हणाला, एकाच पानावर.