पाऊण तोळा

सकाळी साडेसातला काचेवर टप्प झालं,
लॉबीच्या त्या नव्या काचेवर
जिच्यात येऊरचा डोंगर
खऱ्यापेक्षा स्वच्छ दिसतो.

मला वाटलं, कुणा पोराचा बॉल.
लाडकी वरठा झाडू टाकून आधीच वाकली होती.
ओंजळीत घेऊन आली
आणि न विचारता माझ्या हातात दिलं.

पाठ निळी, शाईची दौत लवंडावी तशी.
गळ्यापासून पोटापर्यंत पांढरं.
आणि भुवई, हो, बारीक पांढरी भुवई,
कशाचं तरी नवल वाटता वाटता पडल्यासारखी.

"थंडीचं पाखरू," लाडकी म्हणाली.
"दिवाळी सरली का येतं, शिमग्याला जातं."
कुठून?
तिनं झाडूनंच दाखवलं, उत्तरेला:
कासारवडवली, घोडबंदर, खाडी
आणि पुढे जे काय असेल ते.
पुढे हिमालय असतो. देवदार असतात.
मी फोटोत पाहिलेत.

अठरा वर्षं जांभळी नाक्यावर
शिरधनकरांच्या पेढीत मी काट्यावर बसते.
हाताला सवय आहे, विचारावं लागत नाही.
पाऊण तोळा. फार तर गुंजभर जास्त.

पण खात्री देता येईना.
तळव्यात काहीतरी इतकं भरभर चाललं होतं,
आणि हलणाऱ्याचं वजन होत नाही.
गिऱ्हाइकालासुद्धा आम्ही सांगतो,
काउंटरला हात लावू नका, काटा ठरू द्या.

काटा ठरू नये
असं पहिल्यांदाच वाटलं मला.

दहा मिनिटं. बारा.
माझी बस गेली.
मग एक डोळा उघडला,
माझ्याकडे नाही, कुंपणापलीकडच्या उंबराकडे,
आणि हात हलका झाला,
पाऊण तोळ्यानं नाही, बऱ्याच जास्तीनं.

दुकानात पहिलंच गिऱ्हाईक मोड घेऊन आलं.
पोराची फी भरायचीय, म्हणाली.
सासूची चेन, कडी तुटलेली.
गुलाबी कागदावर ठेवली. काटा लगेच ठरला.
"एवढंच भरलं?"
या प्रश्नाला रोज माझ्याकडे उत्तर असतं:
झीज, डाग, लाख.
आज चेन परत उचलली
आणि नुसती धरून बसले थोडा वेळ.

संध्याकाळी काच लख्ख होती.
फक्त एका जागी, खांद्याच्या उंचीवर,
पिसांचा भुगा चिकटलेला, बोटभर.
लाडकीनं तेवढं सोडून पुसलं होतं.