डंक्याखालची भुकटी

मार्गशीर्षात केळीच्या पानांवर चरका दिसतो
आणि माझ्या डंक्यापुढे डबे रांगेला लागतात.
स्टीलचे, पितळी, एक तुपाचा पत्र्याचा,
प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर आडनाव:
भंगाळे, बऱ्हाटे, तडवी, फिरके.
मी आडनावं नंतर वाचते.
आधी झाकण उघडून वास घेते.

पाऊण किलो मेथी, भाजून तांबूस.
भंगाळेबाईंचे गुडघे यंदा पायऱ्या मोजू लागले.
"कडू लागते व माय, पन कंबर तिचंच ऐकते."
खारीक, गोडंबी, वर मूठभर मुसळी:
बऱ्हाट्यांच्या थोरल्याच्या लग्नाला तीन वर्षं झाली.
सुंठ, पिंपळी, हळकुंड –
त्या घरात रात्री कुणी खोकतं
आणि कुणी ते ऐकत जागं असतं.
यावलात डॉक्टर पुष्कळ. त्यांना लोक सगळं सांगत नाहीत.
माझ्यापुढे डबा उघडावाच लागतो.

डिंक रुबाब तडवी आणतो सातपुड्यातून,
धावड्याचा, सालीचा तुकडा चिकटलेला.
यंदा तोलताना म्हणाला, झाडं लांब गेली.
अरे, झाडं कशी जातील?
"पहिले मी दुपारच्या भाकरीला घरी यायचो.
आता भाकर बांधून नेतो, दोन वेळची."
मी भाव केला नाही.

फिरके सर पहिल्यांदाच आले.
बाई पावसाळ्यात गेल्या.
सरांच्या हातात बाईंच्या अक्षरातली यादी,
पिशवीत सगळं मोजून, बरोबर,
आणि सगळं कच्चं.
सर, हे भाजायचं असतं. डिंक तुपात तळायचा,
नाहीतर उखळाला गोंदासारखा बसेल.
यादी उलटून पाहिली त्यांनी. मागे काही नव्हतं.
"किती भाजायचं?"
वास बदलेपर्यंत.
"मला वास येत नाही," सर म्हणाले,
"त्या तापापासून. तीन वर्षं झाली."

मग मी फळी लावली, मागे चूल पेटवली.
ते पाटावर बसून कढईकडे बघत राहिले,
वर्गात मागच्या बाकावरचं पोर बघतं तसे.
खसखस. अळीव. मेथी.
मी म्हणायची, आता.
ते झारा काढायचे.
आता.
एकदा मी मुद्दाम गप्प राहिले.
त्यांनी झारा काढला नाही. खोबरं करपलं थोडं.
तेही डब्यात घातलं.

रात्री डंका थांबला की खाली भुकटी उरते,
पोळीवर मावेल एवढी:
भंगाळ्यांची मेथी, तडव्यांचा ओवा,
करपलेलं खोबरं, कुणाची तरी सुंठ.
झाडून फेकायची असते ती.
मी कुंच्यानं गोळा करते, चाळते,
गूळ घालून वळते एक लाडू.
माझ्या डब्यावर पट्टी नाही.

होळी झाली, डबे थांबले,
आता मिरची सुरू. सगळी गल्ली शिंकते.
परवा फिरके सर शंकासुरीच्या दोन किलो घेऊन आले,
डंक्याजवळ उभे राहिले, रुमाल न लावता.
आणि शिंकले.
एकदा, दोनदा, डोळ्यांतून पाणी येईतो.
"वास नाही आला," म्हणाले,
"पण बघा, शिंक आली."