फुलीवर

नटी येईपर्यंत तिच्या जागी उभं राहायचं,
एवढंच काम. दिवसाचे सातशे, वर वडापाव.
उंची जमते तुमची चंद्रिकाताई, दिग्दर्शक म्हणाला,
आणि बांधावर चुन्याची एक फुली मारली.

सिनेमात गाव एका बाईशी बोलणं टाकतं.
का टाकतं, ते म्हणे लवकर सांगायचं नाही.
खाजणात पाणी चढतं तसं,
मी मनात म्हटलं,
पाय ओले झाले की कळतं.

आमचं जुवं केवढंसं. चाळीस उंबरे, एक विहीर.
होडी भरतीची वाट बघते, आम्ही होडीची.
पलीकडे ऐरोलीच्या पुलावर रात्रभर दिवे धावतात.
भांगाच्या दिवसांत तर तेवढीच हालचाल.

तालीम माझ्यावर व्हायची.
कोलीम निवडत बसलेल्या बायका,
मी जवळून गेले की मला बघायचं नाही.
पहिल्या दिवशी देवकाला हसून हसून ठसका लागला.
चौथ्या दिवशी तो वैतागला,
नजर चुकवतायत ते दिसतंय, म्हणाला.

तेव्हा मीच बोलले.
नजर चुकवायची नसते, दादा.
तिच्या हातात काय आहे ते बघायचं.
टोपली असली तर टोपली.
नीट बघायचं, विकत घ्यायची असल्यासारखं.

तुम्हाला कसं माहीत?
असंच, म्हटलं.
देवकाच्या हातातलं सूप थांबलं.

सोमी दोन वर्षं याच बांधावरून जायची.
चौदा वर्षं झाली त्याला.
तिच्या टोपलीत कुठल्या दिवशी काय असायचं
ते मला अजून पाठ आहे:
निवट्या, एकदा मोठा जिताडा,
एकदा पोराचे कपडे, घडी न घातलेले.
चेहरा आठवत नाही.

नवव्या दिवशी कुणीच हसलं नाही.
आता खरं वाटतंय, तो म्हणाला,
आणि नटीला छत्रीखालून बोलावलं.
ती फार छान रडली. एकदाच.

मग जनरेटर गेला, दिवे गेले,
नटीनं जाताना मला मिठी मारली,
तिच्या अंगाला कसलासा गार वास होता.
होडी तिवरांच्या आड वळेपर्यंत
पोरं किनाऱ्यानं पळाली.

संध्याकाळी विहिरीवर पाच जणी होत्या.
म्हटलं, गेले बाय एकदाचे.
रहाट फिरत राहिला.
गंमत करतायत वाटलं मला,
मीही गमतीनं मागं वळून पाहिलं,
कॅमेरा कुठं लपवलाय.

मागं मिठाचे ढीग, वर विजेच्या तारा.

वळले तर पाचही जणी
माझ्या कळशीकडे बघत होत्या.
नीट. बराच वेळ.
साधी पितळेची कळशी, कडेला एक पोचा.

मी पदर काढून तिच्यावर घातला.