एका मादीची अंडी

बुरुलकानच्या तराजूला वाऱ्याचं वावडं.
इस्सिक-कुलच्या पाण्यावरून वारा सुटला
की ती खिडकी लावते, श्वाससुद्धा जपून घेते,
आणि चिमट्याने उचलते एकेक कोष:
तपकिरी, जवाच्या दाण्याहून जरा लांब.
आतलं काही हललं तर आकडा थरथरतो.

अंडी सगळी एकाच मादीची.
जुलैत तिनेच ओल्या कुंचल्याने वाटून दिली होती.
काही सफरचंदावर,
काही अंगणातल्या जर्दाळूवर,
काही अर्स्लानबोबहून आलेल्या हिरव्या अक्रोडांवर,
उरलेली बिहीवर.
बिही ओशहून बसने आली, भुशात गुंडाळलेली,
अंगावर लव, जिच्यात नुकत्या फुटलेल्या अळीचे पाय गुंततात.

वहीत:
सफरचंद, सव्वीस दिवस, कोष जड.
जर्दाळू, फळ आधी सडलं, अळी अर्धपोटी बाहेर.
अक्रोड, बरं चाललंय, बोटं माझीच काळी.
बिही, अजून आत.
अजून आत.
अजून आत.

बिही कापताना सुरीसुद्धा अडते.
गर तुरट, मध्ये वाळूसारखे कण,
आणि त्या कणांतून कुणीतरी
रोज केसभर पुढे सरकतंय.
तालन्तबेक, तिचा साहेब, चहा ओतताना म्हणतो,
जागा निवडते आई,
चावायचं मात्र अळीने.
इथे तर आईनेही निवडली नव्हती,
बुरुलकान म्हणत नाही.

ऑगस्टअखेर तिलेक आला, येकातेरिनबुर्गहून, लेकीचा मुलगा.
भुवईत तोच भोवरा,
पण जर्दाळू सोलून खाणारा,
किर्गिझमध्ये हाक मारली की रशियनमध्ये ओ देणारा.
त्याने विचारलं, सगळ्यात लठ्ठ कुठला?
तिने दाखवला.
आणि हडकुळा?
तोही दाखवला.
"हा चुकलाय का?"
तिने तराजू शून्यावर आणला.
आकडा स्थिरावेपर्यंत तो खिडकीशी गेला होता,
तळ्यातली बोट बघायला.

दिवे सोळा तास जळतात,
शरद आलाय हे पेटीतल्या कुणाला कळू नये म्हणून.
सफरचंदवाले पतंग केव्हाच बाहेर पडले,
भिडले, जाळीला अंडी चिकटवून मेले.
बुरुलकानने त्यांना कागदाने झाडून काढलं.
तिलेकची शाळा सुरू झाली.

मग सप्टेंबरात एका सकाळी
बिहीच्या पेटीत एकच,
राखी, पंखांच्या टोकाला तांब्याचा डाग.
मिशा हलवत तो पेटीभर फिरला,
कोपरे हुंगले, पुन्हा हुंगले.

नर १, तिने लिहिलं. उशीर एकोणीस दिवस.
दुसऱ्या पेटीतली मादी हिशेबात बसत नाही.
नियमात कापसाचा बोळाही बसत नाही,
पण तिने मधाच्या पाण्यात भिजवून एक आत सरकवला
आणि त्याची नोंद केली नाही.

उरलेल्या बिहींचा मुरांबा करायचाय.
प्रत्येक फोड उजेडात धरून बघावी लागेल.