दोन-सहाचा हात

तनुजा, बस. पह्यले चहा पी, मंग लिहून घे.
दारव्ह्याचा दुकानदार तुले गोल लाईट दाखवीन,
सुपाएवढा. घेऊ नको. मधला घे.
काच लय उजेड पेते अन् तोंडावर थुकते;
माह्या पह्यल्या दिवशी बांगड्या दिसल्याच नाईत,
नुसते चंद्र दिसले, ओळीनं.

स्टँड घेजो, पण पाय हालवून पाह्यजो.
मी सुरुवात केली थे पायलीत ज्वारी भरून,
ज्वारीत मोबाईल खोचून.
अर्ध्यात कोंबडी आली.
सात जण पाहून राह्यले होते मले,
चार आपल्याच घरचे, आतल्या खोलीतून.
पाचव्यानं कोंबडीचा भाव विचारला.

माईक कॉलरचा घे, बोंडाएवढा.
टिनावर वांदरं नाचतात, थे त्याले कमी ऐकू येते,
पण हातापासून दूर लावजो,
किणकिण त्याले भांडण वाटते.

मागं हिरवं लुगडं टांगू नको, चुडा बुडते त्याच्यात.
मी यायची राखी शाल लावतो.
थंडीत मागून घेतात,
त्या रात्री धंदा बंद.

आठ वाजता लोक जेवून मोबाईल घेऊन बसतात,
आठलेच आपली लाईट जाते.
म्हणून पॉवर बँक. कर्ज काढून नको, पण घे.
रेंज घरात नाई. टाकीपाशी जाय,
दिग्रसकडं तोंड कर, दोन काड्या येतात.
तिसरी आली तं समज पाहुणा आला.

दुसरा मोबाईल अंकुशच्या हाती देजो,
प्रश्न त्यानं मोठ्यानं वाचावे.
आपला चष्मा लोकायले काहून दाखवा?

कवडी कापूस फेकू नको.
कुरिअरवाला पोरगा खोका गाडीतून फेकते,
माह्या बांगड्या कवडीतच सुरतले पोचल्या.

हे सारं दुकानात भेटते, घरात भेटते.
हात भेटत नाई.

तीस वर्षं मी हात दाबले.
अंगठा आत मोडला का समजे, दोन-चार, दोन-सहा.
निंदणाचे घट्टे समजत,
रातभर जागलेली बाई समजे, थंड्या बोटायवरून.
इथं नुसतं नाव येते,
अन् नावाच्या जागी गुलाबाचं चित्र.

म्हणून दोरा. शिवणाचा, साधा.
त्यायले सांगतो, घास घेतल्यावानी बोटं जुळवा,
जिथं हात रुंद, तिथं गुंडाळा,
लेकराच्या पट्टीवर ठेवा.
एकोणीस भरले तं दोन-सहा.

एका रात्री माह्याच हातात घालून दाखवून राह्यलो होतो.
कट्.
फुटली म्हणू नको कधी, तनुजा.
"वाढली," म्हटलं मी, सासू म्हणे तसं,
अन् बोट तोंडात घातलं.
सात होते, सोळा झाले.
रगत पाह्याले बिन लोक थांबतात.

त्यात एकीनं काही लिहिलं.
अंकुश वाचता वाचता थबकला.
वाच, म्हटलं.
"मालक जाऊन दोन वर्षं झाली. हिरव्या चालतीन का?"

मी त्या गोल लाईटकडं पाह्यलं.
तिच्याकडं पाह्याची दुसरी जागा नोहती.
काचेले काही समजत नाई, बाई. माप सांग.

लय वेळ काहीच आलं नाई.
टाकीतून पाणी सांडून राह्यलं होतं, थेच ऐकलं सोळा जणायनं.
मंग आलं, एकोणीस.

डझनभर गेल्या. पत्ता तिनं माहेरचा देला.

तुह्या कुरड्यायले माप लागत नाई, बरं हाय.
माहा जुना स्टँड घेऊन जाय.
एक पाय हालते,
त्याले दोरा गुंडाळला हाय, सोडू नको.