तीस सेकंद

सात मिनिटं चौदा सेकंद. भीमपलास.
मयेच्या सप्ताहात रात्री अडीचला वाजवलेला,
फोन पेटीशेजारी उताणा ठेवून.
मध्येच कुणीतरी म्हणतं, "च्या आयली",
आणि अख्खी एक तान कपबशांत वाजते.

पुतणी म्हणाली, तीस सेकंद पुरे काका,
तेवढ्यात लोक कंटाळून फोन ठेवतात.
उर्वीनं माझं वादन पडद्यावर उघडलं:
ओहोटीतला चोडणचा बांध जणू,
कुठं उंच, कुठं खचलेला.
बोटाखाली दोन काठ्या दिल्या सरकवायला.
मधलं तेवढं तुमचं, म्हणाली.

आलाप गेला.
गत गेली. तिथं बोट घसरलं होतं,
ती गेली याचं वाईट वाटल्यासारखं केलं.
च्या ठेवणार होतो, पोर हसली,
म्हणून च्यासुद्धा गेली.
राहिली सगुण च्यारीची तिहाई
आणि तिच्या मागून धावत येणारी माझी पेटी,
सुटलेली फेरी गाठायला धावावं
तशी.

फेरीवरच असतो मी, रायबंदर ते चोडण,
रॅम्पची साखळी ओढत.
खिशात वाजतं.
स्कूटरवाले आपापले खिसे चाचपतात.
बांगड्यांची पाटी घेतलेली एक बाई
नेमकी समेवर मान हलवते.
तिला कळलं, की बोट हलली,
विचारणार कसं?

पण फोन उचलला तर तिहाई तुटते,
न उचलला तर माणूस.

सगळ्यांत जास्त फोन सगुणचेच,
रंधा परत दे म्हणून.
तिकडे मयेत, भुशात उभा राहून
तो ऐकतो नुसती टूँ टूँ.
त्याला कुठं ठाऊक,
इकडे मांडवीच्या मधोमध
तोच वाजतो आहे.

धा. मी ग्रीसचे हात पुसतो.
धा. धक्का जवळ येतो, टायर कण्हतात.
तिसऱ्या धाची वाट बघतो.
बायकोचा फोन असला तरी बघतो,
त्यावरून घरी बोलणी खाल्लीत.

"इतका वेळ?" सगुण खेकसतो.
"तिहाई कुणाची होती?" मी म्हणतो.
"कसली तिहाई? रंधा दे माझा."
देतो, म्हणतो.
दिला की फोन येणार नाहीत.

रंधा पेटीच्या खोक्यात आहे,
कापडात गुंडाळून.